ज्याचा कान पिळला त्याची भजी

चर्चमध्ये किस्से साठत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या भवानीनगरच्या मंडळीत एक रविवार येऊन बसावं. मोजकीच घरं, पत्र्याचा हॉल, खिडकीला लागून ऊस, आणि पेटी वाजवायला मी. माझं तोंड सगळ्यांकडे असतं. कोण प्रार्थनेत डुलकी काढतंय, कोण डोळे मिटल्यासारखं करून मोबाइल बघतंय, सगळं मला दिसतं. आता एका बाईनं पोटात किती ठेवायचं?

*

आमच्याकडे एक रीत आहे, दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये मी ती पाहिली नाही. आठवडाभरात देवानं ज्याचा कान पिळला, त्यानं रविवारी उभं राहून ते सांगायचं आणि उपासनेनंतर सगळ्यांना भजी खाऊ घालायची.

सुरुवात खुद्द पाळकसाहेबांनी केली. ते इंदापूरहून मोटारसायकलवर येतात. एका रविवारी त्यांनी राग कसा आवरावा यावर छान संदेश दिला. परत जाताना रस्त्यात उसाची ट्रॉली आडवी. साहेबांनी ड्रायव्हरला जे काही सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. मग तावातावात कडेनं गाडी काढायला गेले आणि थेट पाण्याच्या चारीत. चिखलातून त्यांना ओढून काढलं ते त्याच ड्रायव्हरनं. वर म्हणाला, "तुमी ते पाळकसाहेब ना? आमची बायकू तुमचं लई नाव घेती. मानूस लई शांत हाय म्हनं."

पुढच्या रविवारी साहेब भज्यांची पाटी घेऊन हजर. म्हणाले, "बापानं कान पिळला. म्हंजी मी घरातलाच हाय. मग आनंद नको करायला?"

*

रूथवहिनींनी एकदा उपवास धरला आणि गल्लीभर सांगितला. दुपारी शेजारून गरम पुरणपोळ्या आल्या, वर तूप. वहिनींनी स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून पहिला मोठा घास घेतला, तेवढ्यात पाळकसाहेब आणि मी दारात. उपवासाला बळ मिळावं म्हणून प्रार्थना करायला गेलो होतो.

साहेबांनी वहिनींच्या डोक्यावर हात ठेवला, लांबलचक प्रार्थना केली आणि आमेनसाठी थांबले. आमेन येईना. साहेब पुन्हा म्हणाले, "आमेन?" वहिनींनी नुसती मान हलवली आणि हनुवटीवरून तूप ओघळलं.

साहेब गंभीरपणे म्हणाले, "गिळा वहिनी. देव थांबलाय."

त्या रविवारची भजी अजून लोकांच्या लक्षात आहेत. बटाट्याचीही होती.

*

आता शमुवेल तात्या. मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडिलांपैकी सगळ्यांत जुने, शाळेतले निवृत्त पीटीचे सर. गळ्यात अजून शिट्टी असते. बरोबर दहा वाजता ते शिट्टी वाजवतात आणि दाराला आतून कडी पडते. उशिरा येणाऱ्यानं बाहेर कट्ट्यावर बसायचं, उपासना संपेपर्यंत. कडीजवळ रूथवहिनींना बसवून त्यांना पढवून ठेवलं होतं, "घड्याळ बघायचं. मानूस बघायचा न्हाय."

एकदा खुद्द पाळकसाहेबांनाच उशीर झाला. कडी निघाली नाही. साहेबांनी अख्खा संदेश खिडकीच्या गजातून दिला. आत तात्या पहिल्या रांगेत, मान डोलावत ऐकत होते. संदेश क्षमेवर होता.

कट्ट्यावर नेहमी असायच्या त्या मार्थाआजी. कालव्याच्या पलीकडून चालत यायच्या, गुडघे धरून, थांबत थांबत. दहाच्या आत त्या क्वचितच पोचायच्या. बाहेरूनच गाणी म्हणायच्या, आमच्यापेक्षा अर्धी ओळ मागे. मी पेटी जरा सावकाश वाजवायचे, म्हणजे आजी आम्हाला गाठतील. तात्या घड्याळाकडे बघायचे.

*

भज्यांची रीत इतकी आवडली की लोक मार शोधायला लागले. आमचे हे बारामतीला एमआयडीसीत कामाला. टायर पंक्चर झालं की देवाची शिस्त, डबा सांडला की शिस्त. दर रविवारी उभे!

एकदा तात्या बाहेर जाऊन ह्यांची गाडीच बघून आले. "टायरचं टक्कल झालंय. देवाला कशाला मधी घेताय? नुसता तरास म्हंजी शिस्त न्हाय. आपली खोड आपल्याला कळली पायजे." हे गुपचूप खाली बसले. भजी आणलेलीच होती, ती आम्ही खाल्ली.

माझ्या नावावरही भजी झालेली आहेत. कशाबद्दल, ते इथे सांगणार नाही.

*

पण तात्यांची भजी काही झाली नाहीत. कधीच नाही. पहिली काही वर्षं त्यांना त्याचा अभिमान होता. मग एका रविवारी पाळकसाहेब बोलता बोलता म्हणाले, "बाप आपल्याच लेकराला वळण लावतो. शेजारचं पोर कसंबी वागलं तरी आपन त्याला काय म्हनतो का?"

उपासना झाली, सगळे निघाले. मी पेटी झाकत होते. तात्या हातात गार भजं घेऊन तसेच बसलेले. मला म्हणाले, "पोरी, म्हंजी मी शेजारचं पोर का गं?"

मला हसू आलं होतं, ते विरलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळा जन्म देवाच्या दारात घालवलेला माणूस, आणि आपण घरातले आहोत की नाही, हेच त्यांना कळेना.

पुढच्या रविवारी तात्यांनी उठून विनंती केली, "देवानं मला एक तरी रट्टा द्यावा, अशी परार्थना करा." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि एवढंच म्हणाले, "प्रभू, जरा बेतानं."

*

तात्या वाट बघू लागले. काहीच होईना. नरसिंहपूरला भावाकडे जाऊन आले. जाताना एसटीत खिडकीची जागा मिळाली, येताना विसरलेली छत्री कंडक्टरनं धावत आणून दिली. गुडघा दुखायचा तोही थांबला. रविवारी विचारलं तर हिरमुसून म्हणाले, "सगळं बरं चाललंय."

रूथवहिनींनी त्यांचं सांत्वन केलं. "हुईल तात्या. धीर धरा."

*

मग तो रविवार आला. साखर कारखाना जोरात चालू होता आणि एका ट्रॉलीनं आमचं गेट अडवलं होतं. तात्या तावातावानं बाहेर गेले. ड्रायव्हरला वेळेची किंमत या विषयावर पूर्ण व्याख्यान दिलं, मग शिट्टी वाजवत ट्रॅक्टर मागेपुढे करून रस्ता मोकळा करून दिला.

आत दहा वाजले. वहिनींनी घड्याळ बघितलं. माणूस बघितला नाही. कडी लावली.

दारावर थाप पडली. "वयनी, मी हाय."

वहिनींनी घाबरून पाळकसाहेबांकडे बघितलं. साहेब पाणी प्यायला लागले. मी पेटीवरचा हात उचलला. वहिनी उठल्या, कडीला हात घातला.

बाहेरून मार्थाआजींचा आवाज आला. "या तात्या, बसा. हितनं बी समदं ऐकू येतं. पर मी लई मागं पडती, जरा माज्यासंगं म्हना."

तात्यांची पावलं दारापासून कट्ट्याकडे गेली. मग तात्यांचा आवाज आला. "वयनी, कडी काढू नका."

आम्ही गाणं सुरू केलं. बाहेर दोन आवाज होते, अर्धी ओळ मागे. मी पेटी सावकाश केली. त्या दिवशी घड्याळाकडे बघायला आत कोणी नव्हतं.

संदेश संपत आला तेव्हा बाहेर शिट्टी वाजली. पुन्हा वाजली. वहिनींनी धावत जाऊन दार उघडलं. कट्ट्यावर मार्थाआजी बसलेल्या, तात्यांची शिट्टी गळ्यात, गाल फुगवून वाजवत होत्या. आणि गेटमधून शमुवेल तात्या भज्यांची अख्खी हातगाडी ढकलत आत येत होते, पेटत्या स्टोव्हसकट. गाडीवाला मागून कढई सांभाळत पळत होता.

"सरा बाजूला," तात्या म्हणाले. "माजी हायत. समदी माजी हायत."

पहिली प्लेट त्यांनी आजींच्या हातात दिली. आजींनी विचारलं, "कशाची वो भजी?"

"मार बसला."

"लई लागलं का?"

"लई," तात्या म्हणाले, आणि गाडीवाल्याकडे वळले. "अजून एक घाना काढ."