पिवळ्या शीचे पेढे

लेक महिन्याची झाली तरी तिची कावीळ उतरेना आणि शी पांढरीफटक. सासूबाई म्हणायच्या, "नुसतं दूध पिते, मग शी पांढरीच होणार!" मलाही पटलं होतं. बदलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र लंगोट बघताच आम्हाला मुंबईला पिटाळलं.

पित्ताची नळीच बंद होती. सर्जन म्हणाले, "आतडं थेट यकृताला जोडू. पित्त वाहू लागलं तर उत्तम, नाहीतर पुढे यकृत बदलावं लागेल."

"वाहतंय हे आम्हाला कळणार कसं?" मी तडकून विचारलं.

"शीचा रंग बघा. पित्तामुळेच ती पिवळी होते."

ऑपरेशननंतर आम्ही दोघी सासू-सुना लंगोटावर डोळे लावून बसलो. एका सकाळी उघडून बघते, तर पिवळीधमक शी! सासूबाईंनी वॉर्डातच टाळ्या पिटल्या.

डिस्चार्ज मिळाल्यावर बदलापुरात बेलवलीला घरी परतताना त्यांनी वाटेत उल्हासनगरात कॅम्प पाचला गाडी थांबवली. सिंधी मिठाईवाल्याने पेढे तोलायला घेत विचारलं, "पोता हुआ क्या, माताजी?"

"पोती को शी हुआ!" सासूबाई म्हणाल्या आणि तराजूवर हात ठेवून गरजल्या, "ये सफेद नही मंगता! पीला दो, पीला!"