आडवा व्हिडिओ

ओतूरच्या एसटी स्टँडवर बेल्ह्याच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारी खांद्यावर घोंगडी टाकलेला एक म्हातारा मेंढपाळ मोबाइलवर एकच व्हिडिओ पुन्हापुन्हा लावत होता. मेंढरांच्या घोळक्यातली एक बाई समोर बघून हसत होती. पण बाई आडवी, मेंढरं आडवी, आभाळ एका बाजूला. दर वेळी म्हातारा कान खांद्याला टेकेपर्यंत मान वाकडी करायचा.

वाकडं काही दिसलं की मला राहवत नाही. "आणा इकडं," म्हणत मी फोन जवळजवळ ओढूनच घेतला, व्हिडिओ सरळ केला, सेव्ह केला आणि परत दिला.

त्यानं व्हिडिओ पुन्हा लावून बघितला. "लई झ्याक केलंत, पावणं," म्हणाला. मग चाचरत, "पर पयल्यासारखा करता येईल का?"

"का? आता मान तरी दुखणार नाही."

"आमची मंडळी हाय ती. जावयानं काढला व्हता. दिवाळीनंतर उसाच्या कडंला बिबट्यानं नेली तिला. दुपारी मेंढरं सावलीला बसली, की मी घोंगडीवर कुशीला पडतो अन् फोन म्होरं धरतो. मंग ती बी शेजारी निजल्यावानी दिसती, माझ्याकडं तोंड करून." त्यानं स्क्रीनवरून अंगठा फिरवला. "तुमी उभी केलीत. उभी ऱ्हायली म्हंजी निघालीच की, राव."

बेल्ह्याची गाडी लागली. लोक दाराकडं धावले. मी बाकावर बसून त्याच्या फोनवर तिला पुन्हा आडवी करत होतो.