आम्ही वाटलेला फसवा मेल

पडेगावच्या आमच्या वस्तीत नळ यावा म्हणून आम्ही तीन मोर्चे काढले होते. दुष्काळाची वर्षं. शहर दौलताबाद रस्त्यानं सुसाट सुटलेलं, माळावर फ्लॅटचे बोर्ड उभे राहत होते, आणि आमच्याकडं टँकर आठवड्यातून एकदा. नळाचं काम घेतलेल्या कंपनीनं आमच्या एकाही अर्जाला उत्तर दिलं नव्हतं.

मग एके सकाळी वस्तीच्या संघटनेच्या मेलवर कंपनीचं पत्र आलं. वर बोधचिन्ह, खाली सही-शिक्का. 'आपल्या वस्तीस जोडणी मंजूर. शनिवारपर्यंत प्रत्येक घराने खालील लिंकवर नोंदणी करावी, अन्यथा नाव यादीतून वगळण्यात येईल.' मी तासाभरात मजकूर लिहिला, गुलमंडीतून पत्रकं छापून आणून घरोघर वाटली: 'लढ्याला यश! कंपनी झुकली!' खाली ती लिंक. कंपनी झुकलेली बघायची आम्हाला इतकी घाई होती की तिचं पत्र कुणी दुसऱ्यांदा वाचलंच नाही.

दुपारी वस्तीतल्या किराणा दुकानासमोर टेबल टाकून मी माझ्या मोबाइलवर लोकांचे फॉर्म भरायला बसले. पहिली आली शेजारची मावशी. वैजापूरकडची, मेंढपाळ घरातली. चारा-पाणी संपल्यावर कळप विकून नवरा-बायको इथं बांधकामावर आले होते. कळपाचे पैसे तिनं खात्यात तसेच ठेवले होते. पाऊस झाला की मेंढरं घ्यायची आणि परत जायचं, एवढंच तिचं ठरलेलं.

फॉर्मनं पडताळणीसाठी अकरा रुपये आणि कार्डाचा नंबर मागितला.

"ब्यांकेतला सायेब म्हणला व्हता, नंबर कुणाला सांगायचा नाय."

"मावशी, मी काय परकी आहे का?"

"तसं नाय गं बाई. तू तर मोर्च्यात आमच्यापाय लई वरडती." तिनं पदराची गाठ सोडून कार्ड दिलं. बटणांच्या फोनवर आलेला ओटीपीही मीच वाचला, मीच टाकला.

पाच मिनिटांत तिच्या फोनवर दुसरा मेसेज आला. तो मी वाचला तेव्हा खातं रिकामं झालं होतं.

मग मी मेल नीट बघितला. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात कंपनीच्या नावाला एक जादा शब्द चिकटवलेला. आमच्या अर्जाचा आवक क्रमांक कुठंच नाही. अर्ज दिला की शिक्का मारून क्रमांक घ्या, उत्तर आलं की तोच क्रमांक ताडून बघा, हे वस्तीला ओरडून शिकवणारी मीच!

त्याच क्षणी पोलिसांत जायला हवं होतं. संघटनेतले ज्येष्ठ दादा म्हणाले, "आधी पत्रकं गोळा कर. खाली आपलं नाव आहे. नगरसेवकाची माणसं हेच घेऊन नाचतील."

मी ऐकलं. ते दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. संध्याकाळपर्यंत दारोदार फिरून मी पत्रकं परत मागत होते. छपाईत चूक झाली म्हणून सांगत होते. छपाईत! मावशी माझ्या मागं मागं. "आता काय करायचं गं?"

"उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं, "पैसे कधी गेले?"

"काल दुपारी."

"मग आज येताय? लगेच कळवलं असतं तर अडवता आले असते. आता ते कुठच्या कुठं गेले असतील. फॉर्म कुणी भरला?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "म्याच."

"वाचता येतं?"

"नाय."

शेजारचा हवालदार हसला. "वा मावशी, पाटी नाय, पेन्सिल नाय, डायरेक्ट ऑनलाइन!"

तेव्हा कुठं मी बोलले. फॉर्म मी भरला, पत्रक मी लिहिलं, फसवणूक कळूनही दिवस मी घालवला. सगळं लिहून दिलं. तो मेल कंपनीलाही पाठवला. 'हा मेल आमचा नाही,' एवढं उत्तर मात्र तासाभरात आलं. खरा मेल कसा ताडायचा, फसलात तर त्याच घटकेला कसं कळवायचं, याचं नवं पत्रक काढलं. त्यावर संघटनेचं नाव टाकायला दादांनी नकार दिला. मी माझं टाकलं. पैसे त्यानं परत आले नाहीत.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. मावशीचा दीर गावाहून बोलवायला आला. "वैनी, डोंगरात लई गवत झालंय. चला की आता."

"कशाच्या मागं चालू, भाऊजी?" मावशी म्हणाली, आणि वाळूचं घमेलं डोक्यावर घेऊन तिसऱ्या मजल्याचा जिना चढायला लागली.