ड्रिलच्या दिवशीची सुट्टी

नोएडात काचेच्या इमारती नुकत्याच उगवत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात चारी बाजूंनी काच लावायची आणि आत एसी सोडून स्वेटर घालून बसायचं, ही अक्कल कुणाची होती देव जाणे! पण तिथे ऑफिस असणं म्हणजे मोठी शान. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली मी असल्या पाच मजली काचेच्या डब्यात अ‍ॅडमिन मॅनेजर झाले. म्हणजे संडासाची कडी तुटली तरी मला हाक आणि परदेशी पाहुणे आले तरी मलाच.

सुरक्षेचं म्हणाल तर आनंदीआनंद होता. गेटवरचे गार्ड आमचे डबे उघडून भाजी कसली आहे ते बघत आणि काळ्या काचांची गाडी आली की काही न बघता सलाम ठोकून फाटक उघडत. आगीसाठी टांगलेल्या लाल बादल्यांत वाळू कमी आणि पानाच्या पिचकाऱ्या जास्त. आग विझवायच्या पाइपाने रोज सकाळी बड्या साहेबांची, म्हणजे आमच्या मालकांची, गाडी धुतली जाई. त्यामुळे तो पाइप तेवढा उत्तम चालू होता.

अशात एका परदेशी कंपनीने मोठं काम द्यायच्या आधी आम्हाला एक लांबलचक फॉर्म पाठवला. आग लागली तर इमारत किती वेळात रिकामी होते, असा त्यात प्रश्न होता. उत्तर चार मिनिटांच्या आतलं हवं होतं, आणि त्याचा लेखी पुरावाही. साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "आप मराठे लोग तो लड़ाके होते हो, आप ही सँभालिए." म्हटलं, वा! दर संक्रांतीला मराठी मंडळी गाड्या करून पानिपतच्या काला अंब स्मारकाला कशासाठी जातात, ते यांना कोण सांगणार?

मदतीला सिक्युरिटीचे इनचार्ज होते. साताऱ्याकडचे निवृत्त सुभेदार, मिशा अजून फौजेतल्याच. इतरांसमोर मला 'मॅडम' आणि दोघंच असलो की 'ताई' म्हणत. त्यांनी आठवडाभर घसा फोडून सगळ्यांना शिकवलं: अलार्म वाजला की उठायचं, लिफ्ट वापरायची नाही, जिन्याने पार्किंगमध्ये यायचं, तिथे हजेरी होईल.

पहिल्या ड्रिलचं पार पानिपत झालं. अलार्म वाजल्यावर लोकांनी आधी कॉम्प्युटर नीट बंद केले, मग पर्सा घेतल्या, मग डबे घेतले. हा वेळ लंचमधून कापणार का, असं एका महाभागाने जिन्यात उभं राहून विचारलं. सगळे खाली यायला बारा मिनिटं लागली. त्यातली निम्मी एका माणसामुळे गेली, असं साहेबांनी घड्याळ बघून जाहीर केलं. तो माणूस म्हणजे माझी मैत्रीण.

ती चौथ्या मजल्यावर कॉम्प्युटर विभाग सांभाळायची. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही काखांत कुबड्या. पंजाबी, तोंडाने फटकळ, मनाने मोकळी. आम्ही रोज एकत्र जेवायचो. त्या अरुंद जिन्यात ती एकेक पायरी उतरत होती आणि तिच्या मागे अख्खा मजला तुंबला होता. कुणी पुढे जाईना, कारण तेव्हा लोकांना थोडी लाज होती.

साहेबांनी तोडगा काढला. ड्रिलच्या दिवशी तिला सुट्टी द्यायची, भरपगारी! मी तिला सांगायला गेले तेव्हा माझी जीभ अडखळत होती, पण ती खूश झाली. "अरे वाह यार! मैं सरोजिनी नगर मार्केट घूम आऊँगी." मलाही हायसं वाटलं. दोन महिन्यांनी पुन्हा ड्रिल, पुन्हा सुट्टी. मग तिसरी. लोक मला म्हणायला लागले, आमचेही पाय मोडा म्हणजे आम्हालाही सुट्टी मिळेल. मी हसायचे. हो, हसायचे!

वेळ खाली आला. पाच मिनिटं, मग साडेचार. पण हजेरीच्या कागदावर तिच्या नावापुढचा रिकामा चौकोन साहेबांच्या डोळ्यांत खुपायला लागला. परदेशी लोक विचारतील, ही बाई कुठे राहिली? मी हजेरीच्या यादीतून तिचं नाव काढून टाकलं. सुभेदारांनी नवी यादी पाहिली आणि ते म्हणाले, "ताई, नाव काढू नका. आमच्यात माणूस रजेवर असला तरी यादीत राहतो, पुढं नुसतं रजा लिहितात." मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, ही काय पलटण आहे का?" त्यांनी यादी माझ्या हातात परत दिली. सोबत मी जिन्यात पाट्याही लावल्या: थांबू नका, मागे वळू नका, पुढे चला. पुढच्या ड्रिलला तीन मिनिटं चाळीस सेकंद. काम मिळालं, पेढे वाटले, साहेबांनी माझी पाठ थोपटली.

मे महिन्यातल्या एका दुपारी अलार्म वाजला. त्या दिवशी ड्रिल नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर एसीची वायर जळाली होती आणि काळा धूर जिन्यात शिरत होता. पण काय सांगू, माणसं अशी उतरली की बघत राहावं! ना पर्स, ना डबा. पार्किंगमध्ये रांगा लागल्या, मी यादी वाचली, प्रत्येक नावाला 'हाजिर' आलं. सगळी नावं जुळली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. "ये रिपोर्ट आज ही भेज दो," ते मला म्हणाले.

सुभेदार टाळ्या वाजवत नव्हते. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, त्या बाई कुठं हाईत?"

आणि मी म्हणाले, "त्या सुट्टीवर असतील."

डोक्यावर धूर दिसत होता. त्याच दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर चहा प्यायले होते. तरीही माझ्या तोंडून तेच निघालं. सुभेदारांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, रुमाल भिजवून तोंडाला बांधला आणि ते जिन्याकडे पळाले. मी पहिल्या मजल्यापर्यंत गेले आणि धुराने घाबरून परत फिरले.

ते तिला पाठीवर घेऊन आले. ती चौथ्या मजल्याखालच्या वळणावर सापडली होती. बसून, हातांवर जोर देत, एकेक पायरी घसरत होती. कुबड्या कुणाच्या तरी पायात येऊन खाली गेल्या होत्या. शेजारून सगळा मजला उतरून गेला होता. न थांबता, मागे न वळता. मीच लावलेल्या पाटीप्रमाणे.

ती खोकत होती, तळहात सोलवटले होते. मी पाणी दिलं. पाणी पिऊन तिने माझ्या हातातली यादी घेतली, वरून खाली बोट फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं. मग तिने विचारलं, "मेरा नाम किसने काटा?"

साहेब मोबाइलवर बोलायला बाजूला गेले. सुभेदार माझ्याकडे बघत होते. ते मला वेळ देत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिले. शेवटी तेच टाचा जुळवून म्हणाले, "मुझसे रह गया, मॅडम. गलती मेरी है."

"आपसे ये उम्मीद नहीं थी, सूबेदार साहब," ती म्हणाली. ज्याच्या पाठीवरून आत्ता उतरली होती त्या माणसाला म्हणाली. त्यांनी मान खाली घातली आणि मी उभी राहिले, ठोंब्यासारखी.

दुसऱ्या दिवशी जेवताना ती सुभेदारांना मनसोक्त शिव्या घालत होती. फौजी कसला, साधी यादी जमत नाही! आणि मी, मेली लाज सोडलेली बाई, तिच्या डब्यातला पराठा तोडत "हाँ यार, बिल्कुल" म्हणत होते.