न मागता मिळालेली सूट

खोदाईचं पोकलेन मशीन भाड्याने घेताना तासाचा दर शेवटी बोलायचा, हे मी ठेच खाऊन शिकलो. आधी बोलायचं ते किमान तासांचं. मशीन चालो की उभं राहो, महिन्याला ठरलेल्या तासांचं भाडं द्यावंच लागतं, अशी या धंद्याची रीत आहे. आमच्या गुरुग्रामकडे हिवाळ्यात धुरक्याने हवा बिघडली की सरकार बांधकाम बंद पाडतं. खोदाई थांबते, मशीन खड्ड्याकाठी उभं राहतं, भाडं मात्र चालू राहतं.

मशीन भाड्याने देणाऱ्या मानेसरच्या एका यार्डवाल्याने मला असाच एक अख्खा हिवाळा लुटला होता. वर चारचौघांत म्हणाला होता, "ठेकेदार बन गए, पर सोच अभी सुपरवाइज़र वाली है." मी खरंच सुपरवायझर म्हणून नागपूरहून आलो होतो. ते वाक्य मी विसरलो नाही. विसरायचा विचारही नव्हता.

म्हणून गुरुग्रामच्या कडेला एका तळघराच्या खोदाईचं काम मिळालं तेव्हा मुद्दाम त्याच्याकडेच गेलो. म्हटलं, किमान तास नाहीत. मीटर फिरेल तेवढंच भाडं. बंदीत एक पैसा मिळणार नाही. मी भांडायच्याच तयारीने बसलो होतो. तो यार्डच्या पार टोकाला उभ्या असलेल्या मशीनकडे बोट दाखवून म्हणाला, "वो वाली ले जाओ." आणि माझ्यासाठी चहा मागवला.

घरी येऊन बायकोला सांगितलं, "आज त्याला पाणी पाजलं."

अर्धीअधिक खोदाई झाली आणि बंदी आली. ऑपरेटरने बकेट जमिनीला टेकवली, मशीन बंद केलं आणि गावी गेला. चावी मी खिशात घातली. पण एकाच कंपनीच्या एका मशीनची चावी दुसऱ्यालाही लागते, हे मला ठाऊक होतं. यार्डवाला माणूस पाठवून मीटर फिरवेल, अशी माझी खात्री होती. शिवाय बंदीत मशीन चालताना सापडलं तर साइटला सील. म्हणून दोन्ही बॅटऱ्या काढून घरी आणल्या.

"अहो, माझी तुळस सरकवून हे काय ठेवताय?"

"नाक दाबतोय त्याचं."

"त्याचं दाबा. माझ्या बाल्कनीत कशाला?"

दुसऱ्या सकाळी साइटच्या गार्डचा फोन आला. "साहब, मशीन का हाथ ऊपर है."

मी त्याला दोन शिव्या घातल्या आणि निघालो. पोचलो तेव्हा धुरक्यात समोरचा टॉवरसुद्धा दिसत नव्हता. दिसत होता फक्त तो पिवळा हात, माणसाच्या डोक्याएवढा उंच उचललेला. बंद मशीनचा हात तेलाचा दाब उतरत जातो तसा हळूहळू खाली बसतो. वर कधी येत नाही. इतक्या वर्षांत मी तो वर आलेला पाहिला नव्हता. बॅटरीची जागा रिकामीच होती. केबिनच्या दाराला कोळ्याचं जाळं जसंच्या तसं होतं, त्यावर दव होतं.

संध्याकाळपर्यंत बसेल खाली, असं म्हणून मी परतलो. यार्डवाल्याला फोन केला नाही. केला असता तर सौदा मोडायला त्याला निमित्त मिळालं असतं.

त्यानंतरच्या सकाळी गार्ड मला रस्त्यावरच भेटला, काखेत गाठोडं. "नौकरी आप रखो, साहब." आत गेलो. मशीनचं तोंड फिरलं होतं. बकेट गार्डच्या पत्र्याच्या झोपडीवर येऊन थांबली होती, बरोबर आतल्या खाटेच्या वर. दाराचं जाळं अजून अखंड होतं.

तेव्हा मात्र फोन लावला आणि ओरडलो, "तेरी मशीन कौन चला रहा है?"

त्याने एवढंच विचारलं, "गार्ड ठीक है?"

हा माणूस कधी कुणाची विचारपूस करणारा नव्हता.

"ठीक है. बाहर खड़ा है."

"मैं ट्रेलर लेकर आ रहा हूँ. किराया मत देना."

"जितना खोदा, उसका?"

"उसका भी नहीं. ट्रेलर का खर्चा भी मेरा."

मी आयुष्यभर घासाघीस केली आहे. माणसाचा भाव कुठे अडतो, कुठे सुटतो, हे मला आवाजावरून कळतं. न मागता शून्यावर आलेला भाव मी पहिल्यांदाच ऐकला.

दुपारी तो आला. मी बॅटऱ्या आणून ठेवल्या होत्या. त्याच्या माणसाने त्या जोडल्या, केबिनपाशी गेला आणि दारावर टकटक केलं. थोडा थांबला. मग जाळं बोटाने बाजूला करून आत बसला. मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झालं आणि शहाण्यासारखं ट्रेलरवर चढलं.

मी यार्डवाल्याची कॉलर धरली. "तुझे पता था!"

त्याने माझा हात शांतपणे सोडवला. "आपने पूछा कहाँ, भाई साहब? आप तो किमान घंटे पूछ रहे थे."

म्हणजे मी काहीच जिंकलो नव्हतो. त्या मशीनला महिनाभर कुणी ठेवतच नव्हतं. मग किमान तास सोडायला त्याचं काय जात होतं? लुटल्याचा राग एक वेळ जाईल, हा जात नाही.

परवा गाझियाबादहून एका ओळखीच्या मराठी ठेकेदाराचा फोन आला. स्वारी खुशीत होती. "अरे, तुझ्या त्या मानेसरवाल्याला झुकवला! किमान तास नाहीत, काही नाही."

"चहा पाजला का त्याने?"

"पाजला की! का रे?"

"आधी गार्डची झोपडी लांब हलव," मी म्हटलं, "मग बोलू."