मॉलीची पिल्लं आणि शेजारच्या आक्का

कॉलनीकरांनो, आज सकाळी ठीक दहा वाजता माझ्या घरात घोर अन्याय झाला.

माझ्या काचेच्या टाकीतल्या काळ्या मॉलीला पिल्लं झाली. हा मासा स्वतःचीच पिल्लं खातो, म्हणून मी ती वेगळ्या बरणीत ठेवली, शेजारच्या आक्कांकडे किल्ली दिली आणि भाजीला गेले. परत येते तर बरणी रिकामी!

"लेकरं आईपासनं तोडलीसा व्हय, मॅडम? टाकीत सोडली की आईजवळ!"

"आक्का, आईनं नाश्ता केला त्यांचा!"

आक्का रडायलाच लागल्या. मग दोघी काचेला नाक लावून बसलो. पाणवेलीच्या आड तीन जिवंत दिसली. आक्कांनी ती चहाच्या गाळणीनं, श्वास रोखून, एकेक करून काढली.

आक्का, उद्या दुपारी बाराच्या आत इथं ग्रुपवर लेखी कळवा: पिल्लांना खाऊ घालायला रोज किती वाजता येताय?