व्यवहारी मुलगा

आमच्या दादाने ताईच्या मुग्धासाठी स्थळ आणलं होतं. चहाचा कप खाली ठेवत तो कौतुकाने म्हणाला, "मुलगा खाद्यपदार्थ तपासायच्या खात्यात आहे. फार व्यवहारी. दुकानदारांना सांभाळून घेतो."

"भेसळ सापडली तरी?" मुग्धाने विचारलं.

दादा हसला. "अगं, जगाला धरून राहावं लागतं."

"म्हणजे लबाड आहे, मामा. मला नको," असं शांतपणे म्हणून ती आत गेली.

लबाडीसाठी आपण किती मऊ शब्द शोधून ठेवलेत! व्यवहारी, समजूतदार, चलाख. कानाला कुठे टोचतसुद्धा नाहीत. त्यांचीच भीती मनात घेऊन मी बसले होते, तेवढ्यात ताई दादाची समजूत घालू लागली, "मनावर घेऊ नकोस रे. आमची मुग्धा जरा हट्टीच आहे."